टिलेमानच्या माळ्यावर

‘आज वरून खाली,’ ड्रेसेल आजोबांनी सांगितलं आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवला. ‘खाली बसभर माणसं आलीयत, उभं राहायला जागा नाही. तुझा गट आधी माळ्यावर ने. मग एकेक मजला उतरत शेवटी दारात आण. कळलं?’

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्या नंबरची होते. जर्मनीत आल्यापासून दीड वर्षात मी दुसरं फारसं काही केलंच नव्हतं.

माझ्या मागं पप्पा उभे होते, पायात मोज्यांवरून भलेमोठे नमद्याचे सपाते. त्या घरात जुन्या फरशीला ओरखडे नकोत म्हणून सगळ्यांना बुटांवरून ते सपाते चढवावे लागतात. पण पप्पांनी सवयीनं आपले बूट दाराबाहेर पायरीवर काढून ठेवले होते. ड्रेसेल आजोबांनी त्यांच्या मोज्यांकडे बघितलं, सर्वांत मोठा जोड आणून दिला, आणि आता पप्पा बर्फावर उभे असल्यासारखे भिंतीला धरून होते.

‘काय म्हणाले गं ते?’

‘वरून सुरू करा म्हणाले.’

‘वरून म्हंजे?’

‘माळ्यावरून. शेवटून.’

पप्पांनी हातातल्या कागदांकडे बघितलं. अकरा पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. ‘शेवटून कसं काय? आपण तर पहिल्यापासनं केलंय.’

हे ‘आपण’ अगदी खरं होतं. ती अकरा पानं आम्ही दोघांनी मिळून पाठ केली होती आणि दोघांपैकी एकालाही त्यातलं अर्धंअधिक कळत नव्हतं.

हे सांगायला हवं, नाहीतर त्या रविवारी मी माळ्यावर जे केलं ते वेडेपणाचं वाटेल. म्हणजे होतंच वेडेपणाचं, पण त्याला कारण होतं.

आई नर्स. ती आमच्या आधी दोन वर्षं एकटी जर्मनीत आली. ती दोन वर्षं मी आणि पप्पा इचलकरंजीत राहिलो आणि आई फोनच्या पडद्यात राहिली. मला ताप आला की ती पडद्यातून म्हणायची, ‘कपाळावर हात ठेव बघू,’ आणि मी माझाच हात माझ्या कपाळावर ठेवायचे. मग आम्ही दोघं इथं आलो, आल्टेनरोडेला. छोटंसं जुनं गाव, मधून नदी, आणि बाजारचौकात हे टिलेमानचं घर. साडेचारशे वर्षांपूर्वी टिलेमान नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्यानं बांधलं. तेव्हाच्या नव्या पद्धतीचं, दगडी कोरीव कमानी, शंखासारखे वेटोळे असलेलं उंच छप्पर, आणि आता त्याचं संग्रहालय. शाळेत जायच्या वाटेवर मी रोज त्याच्यासमोरून जायचे आणि रोज वाटायचं, यानं एवढं नटून कुणाच्या लग्नाला जायचं ठरवलं होतं कोण जाणे.

मी सातवीत दुसऱ्यांदा बसले होते. पहिलं वर्ष भाषा शिकण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी लेखी परीक्षेत मी बरी होते, गणितात तर वर्गात दुसरी. पण इथं तोंडी गुण असतात. तोंडी परीक्षा नव्हे. वर्षभर वर्गात तुम्ही किती बोलता, हात वर करता का, काही विचारता का, त्याचे गुण. निम्मा निकाल त्यावर. आणि मी तर इचलकरंजीची. तिथं गप्प बसणाऱ्या मुलीला वर्गप्रमुख करायचे. हाताची घडी, तोंडावर बोट, आणि उत्तर माहीत असेल तेव्हाच हात वर. अर्धवट माहीत असताना हात वर केला तर कुलकर्णी बाई म्हणायच्या, ‘पूर्ण येत नाही तर उठलीस कशाला?’

तर मी पूर्ण उत्तराची वाट बघत बसायचे. डोक्यात वाक्य जुळवायचं, क्रियापद शेवटी सरकवायचं, लिंग तपासायचं. तोवर वर्ग दोन प्रश्न पुढं गेलेला असायचा.

जानेवारीच्या प्रगतिपत्रकात तोंडी गुण आले पाच. पप्पांनी ते मोठ्या आनंदानं वाचलं. ‘पाच मिळवलेस की गं. सहातले पाच.’

‘इथं एक सगळ्यात चांगला असतो,’ आई म्हणाली. ‘सहा सगळ्यात वाईट.’

‘उलटंच हाय का सगळं या लोकांचं?’

आई हसली नाही. तिनं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, जूनमध्येही पाच आले तर ही सातवीतच राहील. तिसऱ्यांदा सातवी मी करू देणार नाही. त्यापेक्षा तुम्ही दोघं परत जा, तिथं तिची दहावी तरी वेळेवर होईल.

‘आणि तू?’ मी विचारलं.

‘माझा करार अजून चार वर्षांचा आहे, केतकी.’

म्हणजे पुन्हा तो पडदा. पुन्हा माझाच हात माझ्या कपाळावर.

हे सगळं मी हार्म्स बाईंना सांगितलं नव्हतं, पण त्यांना काहीतरी कळलं असणार. त्या माझ्या वर्गशिक्षिका. एप्रिलमध्ये त्यांनी मला बाजूला घेतलं. मे महिन्यात संग्रहालय-दिनाला टिलेमानच्या घरात शाळेची मुलं पाहुण्यांना घर दाखवतात. ‘तू एक गट घे,’ त्या म्हणाल्या. ‘मी सोबत येईन. ते तुझे तोंडी गुण म्हणून धरीन.’ आणि संग्रहालयानं तयार केलेली अकरा पानं माझ्या हातात दिली. ‘हे नुसतं माहितीसाठी हं. वाच आणि तुझ्या शब्दांत सांग.’

माझ्या शब्दांत? माझ्याकडे शब्द असते तर पाच कशाला आले असते? ती अकरा पानं बघून मला आनंद झाला होता तो वेगळ्याच कारणानं. पूर्ण उत्तर, तयार, छापील. फक्त पाठ करायचं. आणि पाठांतरात मला कुणी हरवून दाखवावं.

मी सगळा मजकूर देवनागरीत उतरवून काढला, कारण तपासायला पप्पा होते आणि पप्पांना जर्मन वाचता येत नव्हतं. रोज संध्याकाळी लाँड्रीतून आले की ते स्वयंपाकघरात भाजी चिरत बसायचे, समोर कागद, आणि मी फ्रिजला टेकून म्हणायचे.

‘चुकलं. “उंट” राहिलं.’ या भाषेत ‘आणि’ला साधारण उंट म्हणतात. ‘किती उंट हायत गं यांच्या वाक्यात. पुन्हा म्हण.’

‘त्या वाक्यापासून?’

‘मधनंच कसं? पहिल्यापासनं म्हण.’

पहिल्यापासून. माझं असंच होतं. मला सतरा चोक विचारलं की मी मनात सतरा एके सतरापासून निघायचे. आम्ही ती अकरा पानं इतक्या वेळा पहिल्यापासून म्हटली की शेवटी पप्पा कांदा परतताना नकळत त्यातली वाक्यं पुटपुटायला लागले. आठवड्यापूर्वी मी एकदाही न अडखळता सगळं म्हणून दाखवलं. सत्तावीस मिनिटं. पप्पा म्हणाले, ‘एक नंबर,’ पण नेहमीसारखी पाठीवर थाप मारली नाही. मला वाटलं, हात कांद्याचे आहेत म्हणून.

आणि आता ड्रेसेल आजोबा म्हणत होते, वरून खाली.

माझ्या गटात नऊ माणसं होती. एक म्हातारं जोडपं, तीन मध्यमवयीन मैत्रिणी एकाच रंगाच्या मफलरी घातलेल्या, एक कॅमेरेवाला, दाढीवाला उंच बाप, त्याची सहा-सात वर्षांची मुलगी फ्रीडा, जिचे पुढचे दोन दात पडलेले होते, आणि तिची आई. शिवाय वही घेऊन हार्म्स बाई, आणि सपात्यांत घसरत येणारे पप्पा. आई पाळीवर होती. आम्ही गोल दगडी जिन्यानं चढलो. जिना इतका अरुंद की सगळे एकामागं एक. मी सर्वांत पुढं, आणि प्रत्येक पायरीला एक वाक्य या हिशेबानं मनातल्या मनात भराभरा पहिल्यापासून निघालेली, माळ्यावर पोहोचेपर्यंत नवव्या पानावर पोहोचायचं म्हणून. पायऱ्या संपल्या तेव्हा मी दुसऱ्या पानावर होते.

माळा प्रचंड होता. अख्ख्या घराएवढा, काळ्याभोर तुळया, फळ्यांची जमीन, छपराच्या टोकाला माणसापेक्षा उंच लाकडी चाक, आणि सगळीकडे एक कोरडा, पिठासारखा वास. माणसं माझ्याभोवती अर्धगोलात उभी राहिली आणि वाट बघायला लागली.

मी डोळे मिटले. दुसरं पान. तिसरं पान. ओठ हलत होते, ते मला नंतर कळलं.

‘बाबा,’ फ्रीडानं विचारलं, ‘ती प्रार्थना करतेय?’

‘शू,’ बाबा म्हणाला.

तिसऱ्या पानावर मी घाईघाईत एक उंट गाळला आणि सगळा तांडा विस्कटला. आता पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासूनच निघायचं असेल तर मनात कशाला, असं काहीतरी माझ्या डोक्यानं ठरवलं असावं, कारण मी डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं:

‘आदरणीय पाहुणेहो, आपण या क्षणी आपल्या नगरातील सर्वांत देखण्या दर्शनी भिंतीसमोर उभे आहात. कृपया मान उंचावून प्रवेशद्वाराच्या कमानीवरील कोरीव सिंहमुखांकडे पाहावे.’

नऊ माणसांनी मान उंचावली. वर कौलं होती.

‘मला नुसत्या तुळया दिसतायत,’ कॅमेरेवाला म्हणाला.

‘मलाही सिंह दिसेना,’ म्हातारीनं चष्मा पुसत नवऱ्याला सांगितलं. ‘तुला दिसतोय?’

मफलरवाल्यांतली एक फिसकन हसली आणि दुसरीनं तिला कोपर मारलं. हार्म्स बाईंनी वहीत बघितलं, लिहिलं मात्र काही नाही. माझे कान इतके तापले की त्यांच्यावर पोळी भाजली असती.

मी पप्पांकडे बघितलं. ते अर्धगोलाच्या मागं, तुळईला टेकून उभे होते. त्यांच्या हातात कागद होते आणि अंगठा बरोबर नवव्या पानावर होता. मला ते पान लांबूनही ओळखू यायचं, त्यावर हळदीचा डाग होता. माळ्याचा भाग तिथूनच सुरू व्हायचा. पहिले दोन शब्द, बस. दोन शब्द मिळाले की पुढं मी गाडीसारखी निघाले असते. मी भुवया उंचावल्या. घरी हीच खूण होती. भुवया उंचावल्या की पप्पा पुढचे दोन शब्द सांगायचे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूण कळली त्यांना, दिसत होतं. मग त्यांनी नजर खाली वळवली, कागदांची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ते शर्टाच्या खिशात ठेवून दिले.

मला पुढचं पाऊल टाकायला जमीनच नसल्यासारखं झालं. डोक्यात काही नव्हतं. पहिलं पानही नाही. जून, पाच, विमान, पडदा, एवढं मात्र ओळीनं दिसत होतं.

‘ते भोक कशाला आहे?’ फ्रीडानं विचारलं.

ती शेजारच्या खोलीच्या फळ्यांच्या दाराकडे बोट दाखवत होती. दाराला खालच्या बाजूला, जमिनीलगत, एक गोल भोक होतं, साधारण बशीएवढं. अकरा पानांत त्या भोकाबद्दल एक शब्द नव्हता. एवढं मला नक्की माहीत होतं, कारण त्या अकरा पानांतलं मला सगळं माहीत होतं.

आणि माझ्या तोंडून निघालं, ‘मला माहीत नाही.’

कुणी दचकलं नाही. कुलकर्णी बाई कुठून उगवल्या नाहीत. फ्रीडा म्हणाली, ‘मलाही नाही,’ आणि दाराजवळ जाऊन बसली. मग मीही गेले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आता ते भोक कशाला आहे ते बघायचं होतं. मी पोटावर आडवी झाले. साडेचारशे वर्षं जुन्या जमिनीवर, नवा पांढरा कुर्ता घालून.

‘काय दिसतं?’

‘अंधार. आणि... खोली. मोठी. रिकामी.’

‘मला बघू दे.’ फ्रीडा माझ्या शेजारी पसरली. ‘बुटका राहत असेल. छोटा बुटका माणूस.’

‘बुटका असेल तर... त्याला दार... दार पूर्ण लागेल. डोकं अडकेल ना.’ मी बोलत होते आणि व्याकरणाची पार वाट लागली होती, मला ऐकू येत होतं, पण थांबून दुरुस्त करायला वेळ नव्हता. ‘इथं हात लाव. कड. खाली मऊ आहे, गुळगुळीत. वरती खरखरीत. का?’

‘कुणीतरी जाऊन जाऊन,’ फ्रीडा म्हणाली.

‘हां. रोज जातं. पोट खाली घासतं. या माळ्यावर काय होतं? धान्य. पोती-पोती धान्य. धान्य असलं की कोण येतं?’

‘उंदीर.’

‘उंदीर. मग माणसाला राग. तो दार लावतो. कुलूप लावतो. पण उंदराला कुलूप कळत नाही. मग...’

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

‘मांजर,’ दोघी एकदम म्हणालो, आणि मला हसू फुटलं. इतकं की मला जमिनीवरून उठता येईना. फ्रीडा पण हसत होती, दोन दात नसलेलं हसू. दीड वर्षात मी त्या भाषेत पहिल्यांदा हसले होते.

‘बरोबर आहे का हो?’ दाढीवाल्यानं ड्रेसेल आजोबांना विचारलं. ते केव्हा वर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले होते कुणास ठाऊक.

‘मांजरांचं दार,’ आजोबा म्हणाले. ‘बारा वर्षं मी इथं किल्ल्या सांभाळतो, आजवर कुणी विचारलं नाही.’

‘आमच्या कोठीच्या दारालाही होतं,’ म्हातारी म्हणाली. ‘माझ्या आजोळी. विसरलेच होते मी.’ आणि ती आजोळाबद्दल सांगायला लागली.

त्यानंतर सगळं भलतंच सोपं झालं. म्हणजे माझी भाषा तशीच लंगडत होती, पण मी तिच्यासाठी थांबले नाही. चाकाबद्दल मला एवढंच आठवलं की त्यानं पोती वर ओढायची. किती माणसं लागायची? मला माहीत नाही, लावून बघू. आजोबांनी दोर सोडून दिला आणि मफलरवाल्या तिघींनी चाक फिरवलं, रिकामी टोपली सरसर वर आली. खालच्या मजल्यावर रंगवलेल्या छतावर पिवळी फळं होती. कॅमेरेवाल्यानं विचारलं, लिंबं का? मी म्हटलं, मला माहीत नाही, आमच्याकडे असतं तर मी पेरू म्हटलं असतं. म्हातारा म्हणाला, बिही असणार, ते नासपतीसारखं आंबट फळ, आणि बिहीचा मुरंबा कसा करतात यावर त्याचं बायकोशी भांडण झालं. झोपायच्या खोलीत पलंग अगदी आखूड होता. फ्रीडानं विचारलं, सगळे बुटके होते का? मी म्हटलं, माहीत नाही, पण माझी आई नर्स आहे, ती दम लागणाऱ्या माणसाला उशांना टेकवून बसवूनच झोपवते, कदाचित टिलेमानला दम लागत असेल, एवढे जिने बांधलेत त्यानं. हार्म्स बाई पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

मी मधूनमधून पप्पांकडे बघत होते. ते सर्वांत मागं, प्रत्येक दारात जरा थांबून, मग आत. एकदा वाटलं ते घसरणार, पण ते उंबऱ्याशी नुसते उभे होते.

शेवटी आम्ही डीलेत आलो. घराचा पुढचा उंचच उंच दालनासारखा भाग, जिथं पूर्वी धान्याच्या गाड्या घोड्यांसकट आत यायच्या. बसवाली माणसं गेली होती. तिथून दाराबाहेर. वर बघितलं तर कमानीवर सिंह. आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं, ‘आदरणीय पाहुणेहो, आपण या क्षणी आपल्या नगरातील...’ काय सुरेख येत होतं. एक उंट इकडचा तिकडं नाही.

फ्रीडानं माझी बाही ओढली. ‘आता तू रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखी बोलतेयस.’

मी थांबले. ‘ते सिंह,’ मी म्हटलं. ‘मला वाटतं ज्यानं कोरले त्यानं सिंह कधी बघितला नव्हता. बघा ना. कुत्रा आहे तो.’

सगळे गेल्यावर हार्म्स बाई पायरीवर माझ्या शेजारी बसल्या. ‘“मला माहीत नाही” हे आज तू किती वेळा म्हणालीस, ठाऊक आहे?’

झालं, मला वाटलं. मी मान हलवली, नाही अशी.

‘सात वेळा. मी मोजलं.’ त्यांनी वही मिटली. ‘वर्षभर मी वाट बघत होते की तू एकदा तरी म्हणशील. माहीत नाही म्हणणाऱ्याला मी काहीतरी विचारू शकते, केतकी. गप्प बसणाऱ्याला काय विचारू?’

मला तीन मिळाले. भाषेसाठी चार, बाकीच्यासाठी दोन, मधले तीन. तीन म्हणजे आठवी.

‘किती?’ पप्पांनी विचारलं. ते पायरीवरचे बूट घालत होते.

‘तीन.’

‘म्हंजे कसं? पास का नापास?’

‘पास, पप्पा. पास.’

‘बरं,’ ते म्हणाले आणि नाड्या बांधायला वाकले. बराच वेळ वाकलेले होते. उठले तेव्हा डोळे लाल होते, आणि त्यांनी पाठीवर अशी थाप मारली की मी एक पायरी खाली गेले. घरी आई पाळीवरून आली तेव्हा मी तिला दारातच सांगितलं. ती पिशवी न ठेवता तशीच माझ्या गळ्यात पडली.

याला चार वर्षं झाली. आता मी अकरावीत आहे, वर्गात माझा हात खाली राहत नाही, आणि एका बाईंनी प्रगतिपत्रकात लिहिलंय की केतकीनं इतरांनाही बोलू द्यावं. उन्हाळ्यातले रविवार मी टिलेमानच्या घरातच असते. गेल्या महिन्यात तिथं घर दाखवायला एक नवी मुलगी आली, सीरियाची, रीमा. तिचे वडील मागं उभं राहून तिला प्रत्येक वाक्य पुरवत होते. रीमा थकली, थांबली आणि सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडली.

घरी येऊन मी हे पप्पांना सांगत होते. आम्ही स्वयंपाकघरात पांढरे अस्पॅरॅगस, शतावरीचे कोवळे दांडे, सोलत होतो. मे महिन्यात इथं सगळेच ते खातात, आणि आता पप्पांनाही आवडतात, मात्र वर लसणाची फोडणी हवी.

‘तुम्ही बरं तसं केलं नाहीत,’ मी म्हटलं. ‘मी खुणा करत होते तरी. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता. तुम्हाला कसं कळलं की न सांगितलेलंच बरं?’

पप्पा सोलत राहिले. ‘तसं काय कळलं नव्हतं.’

‘मग?’

‘पान उघडून ठेवलं होतं मी. नववं. सांगणारच होतो.’ त्यांनी सोललेला दांडा ताटात ठेवला. ‘मग वाटलं, अडकू दे हिला.’

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत.

‘इचलकरंजीच्या मालकांना फोन करून ठेवला होता मी,’ ते म्हणाले. ‘एप्रिलमध्येच. म्हटलं, जूनमध्ये येतोय, मागावरची माझी जागा ठेवा. इथं मला काय होतं तेव्हा? दिवसभर चादरी घड्या करायच्या. कोण बोलायचं न्हाई, मी कुणाशी बोलायचो न्हाई. तू अडकलीस की झालं, घरी. तुझी आई काय म्हणेल, तू काय म्हणशील, सगळं कळत होतं मला. तरी कागद खिशात घातले.’

‘आईला माहीत आहे?’

‘तुला सांगितलं आत्ता. तिला न्हाई अजून.’

मी हातातलं सोलणं खाली ठेवलं. तो माळा, भुवया, ती घडी, सगळं पुन्हा दिसलं. चार वर्षं मी ते फार हुशारीचं समजत होते. कुणाकुणाला सांगितलंही होतं की माझ्या पप्पांनी मला मुद्दाम एकटं सोडलं. सोडलंच होतं की.

‘मग तू त्या भोकात बघायला आडवी पडलीस,’ पप्पा म्हणाले. ‘त्या बारक्या पोरीबरोबर हसाय लागलीस. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मी तिथं उभा राहून बघितलं, केतके, आणि मला कळलं की ही काय आता माघारी येत न्हाई. दुसऱ्या दिवशी मालकांना फोन केला. दुसरा माणूस बघा म्हटलं.’

पप्पांनी पुढचा दांडा सोलायला घेतला. मला राग यायला हवा होता. मी शोधला, पण सापडला नाही. दाराशी थांबत थांबत मागून येणारा तो माणूसच दिसत राहिला, पायांत कुणाचे तरी मोठे सपाते.

‘अजून वाटतं तुम्हाला?’ मी विचारलं. ‘जावंसं?’

‘रोज,’ पप्पा म्हणाले. मग ओले हात पंचाला पुसून ते उठले. ‘पाणी उकळलं का बघ की. तुझी आई येईल आता.’